पप्पा म्हणतात मिल्ट्रीत टाका, त्यावर माझं म्हणणं

प्रिय लेकरा,

परवा रात्री साडेअकराला तुझा एवढा मोठा मेसेज आला, तीनदा वाचला मी. हरभऱ्याच्या विम्याचा फॉर्म भरायचा तुझ्याकडून राहिला, तारीख निघून गेली, आणि पप्पा चार भावकीतल्या माणसांसमोर तुला बोलले की तुमच्या पिढीला दोन दोन वर्षं सक्तीनं मिल्ट्रीत टाकलं पाहिजे, त्याशिवाय तुम्ही सुधारत नसता. आणि तू मला विचारायलास की काका, तुम्ही सतरा वर्षं फौजेत काढलीत, तुम्हीच सांगा पप्पा बरोबर आहेत का. फोनवर दोन मिनिटात सांगायची गोष्ट नाही ही, म्हणून बसून लिहितोय, सावकाश वाच.

आधी फॉर्मचं. चूक तुझी आहे. सर्व्हर डाऊन होता हे खरं असेल, पण शेवटच्या दोन दिवसांत तो दरवर्षीच डाऊन असतो आणि तुझ्या हातात महिना होता. पप्पांना जाऊन सरळ म्हण, माझं चुकलं. त्याच्यापुढं "पण" लावू नको.

आता सक्तीचं. ही गोष्ट मी पारावर, हॉटेलात, लग्नाच्या मांडवात सगळीकडं ऐकतो, आणि बोलणारा माणूस बहुतेक वेळा स्वतः कधी फौजेत गेलेला नसतो. इस्रायलचं उदाहरण देतात, तिथं पोरांना अडीच वर्षांच्या वर आणि पोरींना दोन वर्षं जावं लागतं. सिंगापूरमधे १९६७ पासून आहे, दोन वर्षं. दक्षिण कोरियात आर्मीत दीड वर्ष, तुम्ही ज्यांची गाणी ऐकता त्या बीटीएसवाल्या पोरांनाबी सुटका मिळाली नाही. पण हे देश का करतात ते बघ ना, माणसं थोडी, आणि कोरियाचं तर १९५३ ला युद्ध थांबलं पण शांतता करार अजून झालेला नाही, शत्रू दारात उभा आहे. पोरं सकाळी लवकर उठावीत म्हणून कुणी रणगाडे घेत नाही. आपल्याकडं वर्षाला दोन कोटींच्या वर पोरं-पोरी अठरा वर्षांचे होतात, एवढ्यांना घेऊन फौज करणार काय, ठेवणार कुठं? आपल्या संविधानात तेविसाव्या कलमात सरकारला सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावता येते अशी सोय आहे, म्हणजे दार बंद नाहीये, पण तरी सक्तीची लष्करी भरती कधी केली नाही. १९६२ च्या चीनच्या लढाईनंतर कॉलेजात एनसीसी सक्तीची केली होती, १९६८ ला ती परत ऐच्छिक केली. आणि आपल्याला सक्तीची गरजच कुठंय, पहाटे साडेचारला लातूरच्या औसा रोडला जाऊन उभा राहा, अंधारात किती पोरं पळतेत ते बघ.

माझ्या पोस्टिंगमधली एक गोष्ट सांगतो, घरात कुणाला सांगितली नाही अजून. डोंगरातली चौकी, हिवाळा, बारा जण आम्ही. रात्रीची संतरी ड्युटी दोन दोन तासांची. माझा बडी, म्हणजे ड्युटीचा जोडीदार, होता तो मला रिलीव्ह करायला कायम पाच मिनिटं आधी यायचा, कधी बोलला नाही, नुसता यायचा, आणि त्या थंडीत पाच मिनिटं म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच कळतं. आमच्यात एक पोरगं असं होतं की त्याला वडिलांनी जबरदस्तीनं भरतीला उभं केलेलं, मन लागायचंच नाही त्याचं. एका रात्री मी चार वाजता त्याला रिलीव्ह करायला गेलो तर गुडघ्यात रायफल धरून, मान खाली घालून झोपलेला. मला राग आला नाही, पाय थरथरायला लागले माझे. त्याच्या मागं अकरा जण झोपलेले होते, त्यात मीबी होतो, दोन तास. त्याला उस्तादांनी, म्हणजे शिकवणाऱ्या हवालदारांनी, ट्रेनिंगला आमच्याइतकाच रगडा दिला होता, म्हणजे पळवून दमवलं होतं, तेवढाच पळाला होता, तेवढेच बूट घासले होते. रगड्यानं माझे पाय पक्के झाले हे खरं, पण माझा डोळा उघडा राहायचा तो रगड्याच्या भीतीनं नाही, मागं झोपलेल्या माणसांमुळं. माझ्या भरवशावर कुणीतरी झोपलंय हे ज्याला आतून कळलं तो जबाबदार होतो, आणि हे कळायला वर्दी लागतेच असं नाही.

आता तुमच्या-आमच्या पिढीचं. आम्हाला लहानपणापासून जबाबदारी होती असं आम्ही छाती काढून सांगतो. १९७२ च्या दुष्काळात मी वर्षाचा होतो. आई खडी फोडायला जायची आणि माझी आठ वर्षांची बहीण मला मांडीवर घेऊन खडीच्या ढिगाच्या सावलीला बसायची, सावली सरकली की ती बी सरकायची. दिवसभर. वाटपाची सुखडी मिळाली की आधी मला चारायची. लोक आता याला संस्कार म्हणतात, ती गरज होती रे, दुसरं कुणी नव्हतं म्हणून आठ वर्षांचं पोर आई झालं. आणि त्या पायी तिची शाळा गेली ती गेलीच, आज बी बँकेत अंगठा देते आणि मला लई वाईट वाटतं. तेव्हा आमच्यासारखे दिवस तुम्ही काढा असं मी कुणाला म्हणणार नाही.

तुझ्या पप्पांच्या पिढीलाही हेच ऐकावं लागलंय. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन करून लोक झोपलेले, पहाटे चारच्या आत सगळं खाली. मी तेव्हा लांब होतो, सुट्टी मिळून यायला सहावा दिवस उजाडला. आल्यावर ऐकलं की आपल्या गावातून दहा-बारा पोरं उजाडायच्या आत सायकलवर तिकडं गेली होती, ना टिकाव ना फावडं, हातानं दगडं काढली, नंतर गावागावातून भाकरी गोळा करून नेल्या. ही तीच पोरं ज्यांना गावातले म्हातारे व्हिडिओ हॉलमधे बसून वाया गेलेली म्हणायचे. त्यात अठरा वर्षांचे तुझे पप्पा होते. मी आलो तेव्हा त्यांच्या दोन्ही हाताला चिंध्या बांधलेल्या होत्या आणि चार दिवस ते कुणाशी बोलत नव्हते. त्यांनी तुला हे सांगितलं नसणार. कधी निवांत असले की विचार, पण जपून विचार.

आणि याच माणसानं तुझ्यावर लई जीव लावला, म्हणून तुला काही करूच दिलं नाही. रात्रीची लाईट असली की एक वाजता बॅटरी घेऊन एकटे पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जातात, ओलात पाय, इचूकाट्याची भीती, आणि तुझी आई म्हणणार लेकराला उठवू नका, पेपर आहे त्याचा. "तू फक्त अभ्यास कर" हे बारा वर्षं ऐकलं तू. मग विसाव्या वर्षी एकदम विम्याचा फॉर्म हातात आला, तोबी "बघ जरा" म्हणून, तर ते काम तुझं आहे असं तुला वाटणार कुठून? नवा खोंड जुन्या बैलाच्या जोडीला जुंपून, हळूहळू वळवून औताला शिकवतात, हे पप्पांना माहीत आहे, बैलं सांभाळली त्यांनी. लेकराच्या बाबतीत विसरले. हे मी त्यांनाही बोलणार आहे, तुझ्या पाठीमागं नाही, तोंडावर.

माझंही चुकलंच होतं. २००७ ला पेन्शन आलो आणि घराची बराक करून टाकली, पहाटे पाचला शिट्टी, कपड्याच्या घड्या, जेवणाची वेळ. माझं पोरगं माझ्यासमोर सरळ वागायचं आणि माझ्याशी बोलायचं बंद झालं. पुढं मी पुण्याला सिक्युरिटीच्या नोकरीला गेलो, मंडळी शेतात, आणि माझ्या आईला शुगर निघाली, इन्सुलिन द्यायचं काम सोळा वर्षांच्या त्या पोरावर आलं. दिवाळीला घरी आलो तर भिंतीवरच्या कॅलेंडरच्या एकेका चौकोनात बारीक अक्षरात शुगरचा आकडा आणि वेळ, महिनेच्या महिने. एका चौकोनात लिहिलेलं, "विसरलो. ८.४० ला दिलं." ते "विसरलो" वाचून मी कितीतरी वेळ तिथंच उभा होतो. कुणी तपासणार नव्हतं, तरी लिहिलं होतं त्यानं. माझ्या शिट्टीनं हे दोन वर्षांत झालं नव्हतं.

म्हणून तुला सांगतो, एक काम पूर्ण तुझं करून घे. मदत म्हणून नको, पूर्ण. शनिवारी लातूरहून येतोस ना, मग शनिवारची रात्रीची पाळी तुझी, पप्पांनी घरी झोपायचं. पहिल्या दोन वेळा त्यांच्यासोबत जा, वाफा कुठं फुटतो, मोटार ट्रिप झाली तर काय करायचं ते बघून घे, मग एकटा. शिवाय ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावर पीक नोंदवायचं काम, ती तर फोनवरचीच आहे, पप्पांना त्या अ‍ॅपमधे फोटो काढता येत नाही, आजच तारीख बघ आणि बांधावर उभं राहून करून टाक. मी पप्पांना सांगतो की झालं का झालं का विचारायचं नाही. राहिलं तर नुकसान होईल, ते नुकसान घरानं सोसायचं आणि तू बघायचं.

आणि फौजेत जायचं खरंच मनात असेल तर ये, मी स्वतः पळवतो तुला. अग्निवीरच्या भरतीला वयाची मर्यादा आहे, तुझ्याकडं वेळ थोडा आहे. पूर्ण मार्क पाहिजेत तर सोळाशे मीटर साडेपाच मिनिटात यावं लागतं, दहा बीम (पुलअप) काढावे लागतात, त्याच्या आधी ऑनलाइन परीक्षा. चार वर्षांनी शंभरातले जास्तीत जास्त पंचवीसच कायम राहतात, बाकीच्यांना घरी यावं लागतं, हे नीट डोक्यात घेऊन जा. पण रागाच्या भरात, पप्पांना दाखवायला म्हणून जाऊ नको. तुझ्या मागं झोपणारे अकरा जण मला दिसतात.

या आठवड्यात आपल्या फिडरला रात्रीची लाईट आहे, बारानंतर येईल. माझी मोठी बॅटरी चार्ज करून ठेवलीय, आणि गमबूट आहेत, तुला एक नंबर मोठे होतील, दोन मोजे घाल. शनिवारी संध्याकाळी येताना घेऊन जा.

तुझा काका