काटा अडला म्हणून उपवासाचे तास वाढवू नका

आहार-सल्ला : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी 46 वर्षांची, बार्शीत माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. उंची पाच फूट दोन इंच. गुढीपाडव्याला वजन 78 किलो होतं, तेव्हा सोळा तासांचा उपवास धरला. दुपारी साडेबाराला शाळेत डबा आणि रात्री साडेआठच्या आत जेवण. आषाढापर्यंत साडेसात किलो उतरले, घरात सगळ्यांनी कौतुक केलं. श्रावणापासून मात्र काटा 70 आणि 71 च्या मधून हलत नाही. दिवाळी झाली तरी तेच. म्हणून उपवास अठरा तासांवर नेला, डबा आता अडीचला ऑफ तासाला खाते. रात्रीची भाकरीही बंद केली.

डब्यात दोन पोळ्या-भाजी, साडेचारला चहा आणि मूठभर शेंगदाणे, रात्री आमटी आणि थोडा भात. शेंगदाण्याची चटणी दोन्ही वेळा लागतेच. गुरुवारी आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी. अंडी चालतात, मटण रविवारी. घरात चौघं, महिन्याला तेलाचा पाच लिटरचा डबा लागतो. सकाळी अर्धा कप साखरेचा चहा सुटत नाही, त्यामुळेच अडलंय का?

केस गळतात, पोट साफ होत नाही, वर्गात मुलांवर उगाच चिडते. हल्ली बसूनच शिकवते. रात्री झोप येत नाही, मग मोबाइलवर रेसिपीचे व्हिडिओ बघत पडते. शेजारच्या वहिनी म्हणतात, आता एकच वेळ जेव. आमचे मिस्टर म्हणतात, सोडून दे सगळं. माझं शरीर ‘स्टार्व्हेशन मोड’मध्ये गेलंय का? आईला मधुमेह होता, म्हणून भीती वाटते. एक गोष्ट सांगायची राहिली : वजन तेवढंच असूनही दिवाळीत ब्लाउज परत आत घ्यावे लागले.
— एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : ताई, वहिनींचं ऐकू नका. मिस्टरांचंही आत्ताच ऐकू नका.

तुमचं पत्र वाचताना मी वजनाच्या आकड्यांपेक्षा रेसिपीच्या व्हिडिओंपाशी जास्त थांबले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना 24 आठवडे जवळपास निम्म्या आहारावर ठेवलं होतं. युद्धामुळे उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा खाऊ-पिऊ कसं घालावं, हे त्यांना शोधायचं होतं. ते तरुण चिडचिडे झाले, त्यांचे हातपाय गार पडू लागले, केस गळू लागले. त्यांच्यातले काही जण स्वयंपाकाची पुस्तकं जमवून रात्र रात्र वाचत बसायचे. तुमची उपासमार तेवढी नाही, पण शरीराची भाषा तीच आहे. त्यामुळे केस, चिडचिड, झोप आणि व्हिडिओ यांना मनाचा कमकुवतपणा समजू नका. शरीर तुमच्याकडे जास्त अन्न मागतंय.

त्याच प्रयोगात तुमच्या ‘स्टार्व्हेशन मोड’चंही उत्तर आहे. त्या तरुणांच्या शरीराचा खर्च खूप घटला, तरी वजन उतरत राहिलं, जवळजवळ चौथा हिस्सा गेला. खायला कमी मिळालं म्हणून शरीर चरबी जाळायचंच बंद करतं, असं होत नाही. ते काटकसर करतं. आणि तुमच्या बाबतीत या काटकसरीचा हिशोब मांडता येतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी वर्षानुवर्षं नेमकं हेच मोजलं. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च साधारण 20 ते 30 कॅलरींनी कमी होतो, आणि भूक मात्र सुमारे 100 कॅलरींनी वाढते. तुमचे साडेसात किलो गेले. म्हणजे पाडव्याच्या तुमच्यापेक्षा आजच्या तुम्हाला रोज दीडशे ते सव्वादोनशे कॅलरी कमी लागतात. एक ज्वारीची भाकरी म्हणा. आणि भूक साडेसातशेच्या आसपास जास्त मागते. शिवाय पहिल्या काही आठवड्यांत जे भराभर उतरलं, त्यात पाणीही होतं : यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर संपते, तेव्हा एका ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी बाहेर पडतं. तो वेग कुणाचाच टिकत नाही. पाडव्याला ज्या जेवणानं वजन उतरत होतं, तेच जेवण आता वजन जागच्या जागी ठेवतंय. यात तुमचं काही चुकलेलं नाही.

मग उपवासाचे तास वाढवून का भागत नाही? आपल्याकडे डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोचवलेली दोन वेळा जेवण्याची पद्धत लाखो लोकांना ठाऊक आहे. त्यामुळे न खाण्याच्या तासांतच सगळी किमया आहे, असं अनेकांना वाटतं. चीनमध्ये ग्वांगझूला 139 जणांवर वर्षभर अभ्यास झाला, 2022 मध्ये तो प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना सारख्याच कमी कॅलरी दिल्या, त्यातल्या एका गटानं फक्त सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेतच खायचं होतं. वर्षाअखेर त्या गटाचे सरासरी 8 किलो उतरले, दुसऱ्याचे 6.3. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही, म्हणजे तो निव्वळ योगायोगही असू शकतो. माझ्या मते उपवासाचा खरा उपयोग एवढाच की रात्रीचं चरणं बंद होतं आणि आपोआप कमी खाल्लं जातं. तो उपयोग तुम्ही करून घेतला. सोळाचे अठरा करून त्यात भर पडत नाही. उलट खायच्या सहा तासांत भुकेचा जोर एवढा असतो की चटणीचा चमचा आणि शेंगदाण्यांची मूठ दोन्ही मोठे होतात, आणि ते आपल्याला कळतही नाही.

सकाळच्या अर्ध्या कप चहाचा बाऊ करू नका. त्यात पन्नासेक कॅलरी असतील, वजन त्यानं अडलेलं नाही. तेलाच्या डब्याकडे या. पाच लिटर, चार माणसं, तीस दिवस : माणशी रोज 40 मिलीलिटरच्या वर, म्हणजे जवळपास साडेतीनशे कॅलरी नुसत्या फोडणीच्या. हाच डबा महिन्याऐवजी पन्नास दिवस पुरवला, तर प्रत्येकाच्या ताटातून रोज सुमारे 140 कॅलरी कमी होतात आणि पोळी-भाजीचा एक घासही सोडावा लागत नाही. डबा फोडला की त्यावर तारीख लिहा आणि बुधलीतून ओतण्याऐवजी चमच्यानं मोजून घाला. सोलापुरी शेंगदाण्याची चटणी मलाही फार आवडते, ती बंद करा असं मी कधीच सांगणार नाही. पण तीस ग्रॅम चटणीवर चमचाभर तेल घेतलं की दोनशेच्या पुढे कॅलरी जातात, आणि तुमच्याकडे ती दोन वेळा असते. वर दुपारी शेंगदाणे आहेतच. चटणी एका वेळेला, एक चहाचा चमचा. साडेचारला शेंगदाण्यांऐवजी फुटाणे.

खिचडीचंही तसंच. साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध पिष्ट, त्यात दाण्याचं कूट आणि तूप. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या आज्यांनी बघून बघूनच केली. गुरुवार धरायचा असेल तर जरूर धरा, श्रद्धेच्या आड मी येणार नाही. त्या दिवशी वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी बेताची, आणि सोबत वाटीभर दही घ्या.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट. तुम्ही लिहिलेल्या जेवणात प्रथिनं किती येतात याचा हिशोब केला. पोळ्या, पातळ आमटी, थोडा भात, दाणे सगळं धरून तीसच्या आसपास ग्रॅम, मटणाचा रविवार सोडून. तुमच्या वजनाला, आणि वजन उतरवत असताना, 70 ग्रॅमच्या आसपास हवीत. प्रथिनं कमी आणि उपवास लांब असला की चरबीबरोबर स्नायूही जातात. आपल्या लोकांकडे स्नायू मुळातच कमी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन युडकिन यांचा 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलेला फोटो मी माझ्याकडे येणाऱ्यांना नेहमी दाखवते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. तुमच्या आईला मधुमेह होता, म्हणून तुम्ही हे नीट ध्यानात घ्या : जेवणानंतर रक्तातली साखर उचलायचं मोठं काम स्नायू करतात. ते घालवून काट्यावर किलोभर कमी दिसला तरी तो सौदा आपल्या तोट्याचा आहे.

म्हणून अठरा तास सोडा. चौदा पुरे आहेत. शाळेला निघण्याआधी दहाच्या सुमाराला खा, आणि रात्रीचं जेवण आठच्या आत आटपा. सकाळी दोन उकडलेली अंडी आणि एक भाकरी किंवा पोळी, नाहीतर मुगाचं धिरडं आणि दही. डब्यात एका पोळीच्या जागी वाटीभर मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ. रात्री आमटी पातळ नको, घट्ट वरण घ्या, आणि बंद केलेली अर्धी भाकरी परत ताटात येऊ द्या. एखाद दिवस पन्नास ग्रॅम पनीर, एखाद दिवस सोयाबीनच्या वड्या. भाज्या आणि पाणी वाढलं की पोटाची तक्रार बरीच कमी होईल.

पुढचा दीड-दोन महिना वजन कमी करायचंच नाही, असं ठरवून टाका. आहे ते सांभाळायचं. किलोभर वर गेलं तर घाबरू नका, जास्त खाल्ल्यावर साठलेलं पाणी असतं ते. एकदा पापड-लोणचं जास्त झालं किंवा पाळी जवळ आली, तरी काटा किलो-दीड किलोनं पुढे सरकतो. आठवड्यातून एकदाच, सकाळी, पोट साफ झाल्यावर वजन करा. आणि बेंबीच्या पातळीला टेप लावून कंबर मोजा, वहीत लिहून ठेवा. आपल्याकडच्या बायकांसाठी 80 सेंटीमीटरच्या आत ही मर्यादा मानतात. काटा अडलेला असताना ब्लाउज सैल झाले, ही तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली ओळ. तुम्ही ती शेवटी लिहिलीत, मी ती सगळ्यात आधी लिहिली असती.

बसून शिकवता असं लिहिलंय, तेही बदला. कमी खाणारा माणूस नकळत हालचाल कमी करतो. जिना टाळतो, एखादी वस्तू आणायला दुसऱ्याला पाठवतो. अंगात थोडं बळ आलं की उभ्यानं शिकवा, फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत फिरा. आठवड्यातून तीन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून जोर, आणि पाण्यानं भरलेल्या लिटरच्या बाटल्या उचलणं. दहा-दहा वेळा, तीन फेऱ्या. नुसत्या चालण्यानं स्नायू राहत नाहीत, वजन उचलावंच लागतं.

आणि रक्त तपासा, हे पुढे ढकलू नका. थायरॉइडसाठी टीएसएच, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-12, ड जीवनसत्त्व, आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर). या वयात पाळीचं चक्र बदलत असतं, थायरॉइडही बिघडतो. केस गळणं, बद्धकोष्ठ आणि वजन अडणं ही तिन्ही एकत्र असतील तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ‘डाएटमुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नये.

मिस्टरांना एवढंच सांगा : तुमचं जवळपास दहा टक्के वजन उतरलंय, आणि काही महिने ते तुम्ही टिकवलंय. रक्तदाब आणि साखर यांच्यावर चांगला परिणाम दिसायला पाच ते दहा टक्के पुरतात. दोन महिन्यांनी भूक शांत झाली, झोप लागायला लागली की मग तेल आणि भात यातून थोडं कमी करून पुढचे तीन-चार किलो बघू. तपासण्यांचे आकडे आणि कंबरेचं माप मला जरूर कळवा.

प्रश्न : वय 59, एसटीतून चालक म्हणून निवृत्त. मधुमेह आहे, सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची गोळी घेतो. उपवासानं वजन 84 पर्यंत आलं आणि थांबलं, म्हणून वीस तास काही खात नाही. हल्ली सकाळी अकराच्या सुमाराला घाम फुटतो, हात थरथरतात, एकदा दुचाकीवर डोळ्यांपुढे अंधारी आली. घरचे म्हणतात अशक्तपणा आहे. कोणतं टॉनिक घ्यावं?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : काका, टॉनिक नको. ही साखर खाली जाण्याची लक्षणं आहेत आणि हा उपवास आजच्या आज थांबवा. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे ती बघत नाही. गोळी पोटात आणि पोट रिकामं, यानं माणूस बेशुद्ध पडू शकतो.

गोळी मनानं बंद करू नका, अर्धीही करू नका. उद्याच डॉक्टरांना भेटा, वीस तासांच्या उपवासाचं त्यांना स्पष्ट सांगा आणि ते सांगतील तोवर गोळीबरोबर वेळेवर नाश्ता करा. पुन्हा घाम-थरथर झाली तर लगेच ग्लुकोमीटरवर बघा. 70 च्या खाली असेल, किंवा मीटर हाताशी नसेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून घ्या. पंधरा मिनिटांनी परत बघा, वर आली नसेल तर तेवढीच पुन्हा घ्या, आणि मग काहीतरी खा. खिशात साखरेची पुडी असू द्या. घरच्यांनाही सांगून ठेवा : शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखान्यात न्यायचं.

डॉक्टरांना भेटून होईपर्यंत दुचाकी चालवू नका. वजनाचं त्यानंतर बघू. औषधांची नवी मात्रा ठरली की साखरेच्या नोंदींसह पुन्हा लिहा.