आई विसरायला लागलीये? आधी हे कर
ताई, घाबरू नकोस, पण वय झालं म्हणून सोडूनही देऊ नकोस. आमच्या सासूबाई ४० वर्षं पंचवटीत राहिलेल्या, एक दिवस काळाराम मंदिरातून घरी यायचा रस्ताच चुकल्या, पायात एकच चप्पल आणि हातात प्रसादाची पुडी घट्ट धरलेली. चष्मा कुठे ठेवला हे सगळेच विसरतात गं, पण रोजचा रस्ता किंवा चहा कसा करायचा ते विसरणं वेगळं. आधी बी १२, थायरॉईड तपासून घे, नीट ऐकू येतं का ते बघ, झोपेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांग, कारण यातलं काही असेल तर बऱ्याचदा सुधारतं. मग न्यूरोलॉजिस्ट, म्हणजे मेंदूचे डॉक्टर, ते ३० मार्कांची छोटी टेस्ट घेतात, तारीख, वार, शंभरातून सात वजा वगैरे. आणि "आत्ताच सांगितलं ना" असं म्हणू नकोस, फार लागतं त्यांना. आईच्या पर्समध्ये तुझ्या फोन नंबरची चिठ्ठी आजच ठेव.