वाचकांचे प्रश्न : माँट्रोझला फितूर म्हणावे का?

प्रश्न : मी नाशिकला आनंदवल्लीत राहतो. स्कॉटलंडचा सरदार जेम्स ग्रॅहम, म्हणजे माँट्रोझचा मार्क्विस, आधी राजाविरुद्ध आणि पुढे राजाच्या बाजूने लढला, असे वाचनात आले. आमच्या राघोबादादांप्रमाणे त्यालाही फितूर म्हणावे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आनंदवल्लीतल्या माणसाला राघोबादादा आठवावेत हे स्वाभाविक आहे, पण ही तुलना टिकत नाही. दादांना पेशवाई स्वतःसाठी हवी होती आणि तिच्यासाठीच त्यांनी १७७५ साली सुरतेला इंग्रजांशी तह केला.

पहिल्या चार्ल्स राजाने स्कॉटलंडवर इंग्लंडच्या धर्तीची प्रार्थनापद्धती लादली, तेव्हा १६३८ साली तिच्याविरुद्ध जो राष्ट्रीय करारनामा झाला, त्यावर माँट्रोझने सही केली होती. त्याच करारनाम्यात राजाचे रक्षण करण्याची शपथही होती, आणि माझ्या मते सारे उत्तर तिथेच आहे. करारनाम्याच्या पक्षातले अर्गाइलसारखे सरदार धर्माच्या नावाखाली राजसत्ताच बळकावू पाहत आहेत, अशी खात्री पटल्यावर तो त्यांच्यापासून दुरावला. १६४१ साली त्यांनी त्याला एडिंबरोच्या किल्ल्यात कैदेत टाकले. १६४४ मध्ये राजाने त्याला सेनापती नेमले आणि वर्षभरात त्याने सहा लढाया जिंकल्या. फेब्रुवारी १६४५ मध्ये बर्फाळ डोंगर ओलांडून इनव्हरलॉकीला त्याने घातलेला छापा तर सह्याद्रीतल्या माणसाला लगेच उमगेल असा आहे.

त्याच्या नावावरचा डागही सांगितला पाहिजे. ॲबरडीनला त्याने पाठवलेल्या दूताबरोबरचा नगारा वाजवणारा पोरगा शहराच्या बाजूने झालेल्या गोळीबारात मारला गेला. संतापलेल्या माँट्रोझने लढाई जिंकताच शहर सैन्याच्या हवाली केले आणि नि:शस्त्र नागरिकांची कत्तल झाली.

फिलिपहॉच्या पराभवानंतर तो परदेशी गेला. १६५० साली पहिल्या चार्ल्सच्या मुलासाठी, म्हणजे दुसऱ्या चार्ल्ससाठी, तो परतला; पण माँट्रोझच्या विरोधकांशीच तह करण्याच्या बोलण्यात गुंतलेल्या त्या तरुण राजाने त्याला वाऱ्यावर सोडले. कारबिसडेलला हरून तो पकडला गेला आणि २१ मे १६५० रोजी एडिंबरोत, नवरदेवासारखे भरजरी लाल कपडे घालून, फाशी गेला. ज्याला एवढ्या पक्षबदलातून काहीच मिळाले नाही, त्याला मी तरी फितूर म्हणणार नाही.

त्याचे मुंडके अकरा वर्षे तिथल्या तुरुंगावरच्या खिळ्याला होते. १६५१ साली दुसऱ्या चार्ल्सच्या डोक्यावर मुकुट ठेवणाऱ्या अर्गाइलचा १६६१ मध्ये त्याच राजाच्या राजवटीत शिरच्छेद झाला, आणि त्याचे शिर त्याच खिळ्यावर लावले गेले.