मोकळीक तुझी, झोप तिची उडाली

"ताई, सलाम. मी जन्मापासून ख्रिस्ती, नगरकडची. नोकरीसाठी पुण्यात राहते. माझी रूममेट दोन वर्षांपूर्वी ख्रिस्ती विश्वासात आली, घरच्यांचा अबोला सोसून. गणपतीत घरमालकीण आजींनी आम्हांला प्रसादाचे मोदक दिले. मी खाल्ला. ती घुटमळली, तेव्हा मी म्हटलं, 'खा गं, काही होत नाही, बायबलमध्ये प्रेषित पौलानेच लिहिलंय.' तिने खाल्ला आणि रात्रभर रडली. आता उपासनेलाही येत नाही. ख्रिस्ताने दिलेली मोकळीक मी दुसरीच्या भीतीपायी का सोडायची?"

लेकी, सलाम.

तू मोदक खाल्लास यात मला पाप दिसत नाही. आजींनी मायेने दिला, तू मायेने घेतलास. आपल्यातले काही पाळक वेगळं सांगतील, पण माझं मत हे आहे.

माझं मन अडलं ते "खा गं" या दोन शब्दांपाशी.

पौलाचा आधार घेतलास, तर तो पुरता घे. त्याच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा अध्याय आज रात्री पुन्हा वाच. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांत मूर्तीला वाहिलेल्या मांसावरून हाच वाद होता. जाणती मंडळी म्हणत होती, देव एकच, मग मांसाने काय बिघडतं? पौल त्यांना चूक म्हणत नाही. पण त्याचं लक्ष असतं ते कालपर्यंत त्याच देवळात वाढलेल्या भावाकडे. तुला बघून तो खाईल, आणि त्याचं मन मात्र त्याला खात राहील. तुझ्या खोलीत नेमकं हेच झालं. ज्ञान फुगवते, प्रीती उन्नती करते, हे वाक्य त्याच अध्यायाच्या सुरुवातीला आहे.

तुझ्यासाठी तो मोदक म्हणजे गूळखोबरं. तिच्यासाठी त्यात आईच्या हातची चव आहे, घरची आरती आहे, आता बंद झालेलं दार आहे. तू जन्मापासून ख्रिस्ती आहेस. हे सोडण्याची किंमत तुला कधी मोजावी लागली नाही. तिच्या घुटमळण्याला तू भीती म्हणतेस. मला ती प्रामाणिकपणाची खूण वाटते.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही. तिथल्या ख्रिस्ती भगिनींना ते रुचलं नाही, तरी बाई ढळल्या नाहीत. नव्याने विश्वासात आलेल्या माणसाचं मन आपण जुन्यांनी चालवायचं नसतं.

मोकळीक का सोडायची, असं विचारतेस. त्याच पत्राच्या नवव्या अध्यायात पौल सांगतो की ख्रिस्ती मंडळीकडून पोटापाण्याची तजवीज करून घेण्याचा त्याला हक्क होता. त्याने तो वापरला नाही. स्वतःच्या हातांनी काम केलं. तो हक्क त्याचा होता, म्हणून तर त्याला तो बाजूला ठेवता आला.

याचा अर्थ ती म्हणेल ते तू जन्मभर करावंस असा नाही. उद्या ती तुझ्या कपड्यांवर किंवा सिनेमावर बोट ठेवू लागली, तर प्रेमाने पण स्पष्ट बोल. एखाद्याला अडखळण होणं वेगळं आणि एखाद्याला आपलं वागणं न आवडणं वेगळं. इथे मात्र ती खरोखर पडली आहे, आणि धक्का तुझ्या हातून लागला आहे.

तेव्हा तिच्यापाशी जा. वचनं काढू नकोस, पौल तर मुळीच नको. "मी तुला खायला लावलं, माझं चुकलं," एवढंच म्हण. मग तिच्या घरचा गणपती कसा असायचा ते विचार आणि ऐकत बस. ती रडली तर रडू दे. तिच्या मनात देवाच्या क्षमेविषयी शंका असेल, तर तुमच्या पाळकबाईंना घरी बोलाव. तिला ओढून चर्चला नेऊ नकोस.

ती सावरेपर्यंत प्रसाद तूही घेऊ नकोस, तिच्यामागे लपूनसुद्धा नको. तिला कळलं तर विश्वास कायमचा जाईल.

राहिल्या आजी. त्यांना दुखवू नकोस. पुढच्या गणपतीच्या आधीच एकदा खाली जाऊन सांग, "आजी, आम्ही प्रसाद घेत नाही, पण तुमच्या हातचा चहा प्यायला दोघी येऊ." आणि खरंच जा. पाहुण्यांची गर्दी असेल तर कपबशा विसळायला थांबा.