भासरे म्हणतात, हक्कसोडीवर सही कर

प्रश्न: मावशी, चार महिन्यांपूर्वी आजारपणात माझे मालक गेले. वाटणीत आलेलं तीन एकर कोरडवाहू रान त्यांच्या नावावर आहे, कापूस-तुरीचं. दोन्ही लेकरं शाळेत. भासरे (मोठे दीर) म्हणतात, "एकट्या बाईला शेती झेपत नाही. हक्कसोडीवर सही कर, वर्षाचं धान्य आम्ही देऊ." शेती स्वतः करू, बटईनं (पिकाच्या वाट्यावर) देऊ, की मजुरीवरच भागवू?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर: बाई गं, सही करू नकोस. बाकीचं सगळं नंतर. धान्याचा शब्द दोन वर्षं पाळला जाईल, तिसऱ्या वर्षी कोणाला विचारशील? १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं त्या जमिनीत तुझा, प्रत्येक लेकराचा आणि सासूबाई असतील तर त्यांचाही सारखा हिस्सा आहे. भासऱ्यांचा नाही. आणि लेकरं अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली, असताना त्यांचा हिस्सा तुलासुद्धा कोर्टाच्या परवानगीवाचून सोडता येत नाही, हे त्यांना सरळ सांग.

मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज दे, पोच मागून घे. फेरफार मंजूर झाला की सातबारा कोणाकडून तरी मोठ्यानं वाचून घे. तुझं नाव हवं, लेकरांचीही हवीत. त्यानंतरच सोसायटीचं पीककर्ज, पीकविमा, पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये तुला मागता येतील.

शेती स्वतःच कर. मीही नवऱ्यामागं माझं रान कसते, म्हणून बोलते. पेरा, निंदण, वेचणी तू आधीपासून करतेसच. बाईचं अडतं ते औतापाशी. माझ्याकडे बैल नव्हते तेव्हा शेजारणीच्या मालकानं माझ्या रानात डवरणी (कोळपणी) केली आणि मी त्यांच्या वेचणीला गेले. पैशाचा प्रश्नच आला नाही. फवारणी मात्र माहीतगार माणसाकडूनच, तोंडाला-हाताला झाकून. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात त्या विषबाधेनं माणसं गेली. लेकरांना पंपाजवळ फिरकू देऊ नकोस.

तिन्ही एकर कापूस लावू नकोस. कापसाचा पैसा दिवाळीच्या आसपास येतो, किराणा दर आठवड्याला लागतो. थोड्या रानात मूग टाक, दोन-अडीच महिन्यांत हाती येतो. बचत गटातून कर्ज मिळालं तर दोन शेळ्या घे. शाळेची फी, दवाखाना अशा वेळी बोकड विकता येतो, रान विकावं लागत नाही. मजुरीला जा, पण वेचणीत आधी आपलं शेत.

बटईनं द्यायचीच झाली तर एखादा एकर, एका सालापुरता, लेखी, आणि सातबाऱ्यावर तुझं नाव लागल्यावरच.

दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तहसीलमध्ये राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेच्या २०,००० रुपयांचं विचार. संजय गांधी निराधारचाही अर्ज भर, त्याचे महिन्याला १,५०० मिळतात.

कापूस विकायला कोणालाही सोबत ने, पण काट्यापाशी तू उभी राहा. पावती तुझ्या नावाची, पैसे तुझ्या खात्यात.