टोळीची निष्ठा कामावर आणावी का?

प्रश्न : ताई, मी चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. हाताखाली नऊ जण, त्यातले दोघे शिकाऊ. मध्यंतरी नेतृत्वाचं ट्रेनिंग झालं. त्यात इटलीतल्या सिसिलीच्या माफिया टोळ्यांचं उदाहरण दिलं : निष्ठा ठेवायची, आतलं बाहेर न्यायचं नाही. आता साहेब म्हणतात, टीम अशीच बांधा. एका शिकाऊ मुलाने माप चुकवून चाळीस नग बिघडवले, बाकीच्यांनी ते लपवले. दुसऱ्याला दुसरीकडे नोकरी लागतेय, तर साहेब त्याला गद्दार म्हणतात. टोळ्यांकडून खरंच काही शिकावं का?
– एक वाचक, चाकण

उत्तर : भाऊ, मी लालबागच्या चाळीत वाढले. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि कित्येकांना पुन्हा काम मिळालंच नाही. बाप घरात बसून, पोरगं नाक्यावर. त्या पोराला नावाने हाक मारून "आई कशी आहे रे?" असं विचारणारा एकच माणूस होता, टोळीचा दादा. कुणी बघत नव्हतं त्याच्याकडे तो बघायचा. एवढं त्याच्याकडून जरूर घ्या.

पण पुढचंही ऐका. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाच्या आईच्या ऑपरेशनचे पैसे त्या दादाकडूनच आले. दोन महिन्यांनी त्याला एक पाकीट पोचवायला सांगितलं, मग दुकानदाराकडून हप्ता आणायला. त्याला टॅक्सी चालवायची होती. पण "सोडतो" म्हणायची सोय उरली नव्हती, त्याला फार माहीत झालं होतं. एका रात्री तो पळाला. आई गेली तेव्हा खांदा द्यायलाही आला नाही.

माझे वडील गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे. बदली कामगाराला ताण्याचा तुटलेला धागा जोडायला शिकवताना त्याच्या बोटांवर स्वतःची बोटं ठेवायचे. कापडात दोष गेला की साचा थांबवून जॉबरला, म्हणजे मुकादमाला, स्वतः जाऊन सांगायचे, पोराला पुढे करायचे नाहीत.

सिसिलीतली निष्ठा तरी कुठे टिकली? तोतो रीनाच्या कोर्लेओने टोळीने माफियातल्याच तोम्मासो बुशेत्ताचे दोन मुलगे आणि इतर नातलग मारले, आणि १९८४मध्ये बुशेत्ता न्यायाधीश फाल्कोने यांच्यापुढे माफियाचं आतलं सगळं बोलू लागला. १९८६मध्ये तिथल्या पालेर्मो शहरात पावणेपाचशेच्या आसपास आरोपींवर खटला उभा राहिला, पुढच्या वर्षी डिसेंबरात तीनशेहून जास्त जण दोषी ठरले. तिथे निष्ठा फक्त खालच्याने वरच्याला द्यायची होती. वरचा खालच्याचं घरही राखत नव्हता.

तेव्हा चाळीस नगांचं तुम्ही स्वतः क्वालिटीवाल्यांना सांगा, सुपरवायझर म्हणून जबाबदारी तुमच्या नावावर घ्या. लपवणाऱ्यांनाही एकदा विचारा, कशाला घाबरलात? उत्तर तुमच्याबद्दल असेल, तर शांतपणे ऐकून घ्या.

दुसऱ्या मुलाला अनुभवाचं पत्र द्या. साहेबांना सांगा, तो शिकायला आला होता, शिकला. आणि जाण्याआधी त्याला आठवडाभर त्या पहिल्या मुलाशेजारी उभा करा. माप घ्यायचा व्हर्नियर कसा धरायचा ते त्यालाच दाखवू दे.