कापड, कात्री, कॉलेज : वाचकांचे प्रश्न

वस्त्रशास्त्र आणि कपडे शिवण्याचे शिक्षण घेणाऱ्या वाचकांसाठी हे सदर आहे. या वेळी प्रात्यक्षिकांत अडलेल्यांची पत्रे जास्त आली, म्हणून त्यांनाच अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : मुलगी बारावी सायन्स झाली. तिला कपड्यांची आवड आहे. मुंबईत ‘टेक्स्टाइल’ नावाखाली इतके अभ्यासक्रम आहेत की काय निवडावे ते कळत नाही. – एक पालक, ठाणे

उत्तर : नाव एकच असले तरी वाटा वेगळ्या आहेत. माटुंग्याच्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत टेक्स्टाइल म्हणजे अभियांत्रिकी : कापसापासून सूत, सुतापासून कापड, त्यासाठीची यंत्रे आणि चाचण्या. जवळच्याच आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेत भर तंतूंच्या रसायनावर, रंगाईवर आणि कापडावरच्या प्रक्रियांवर असतो. कपडा बेतणे आणि शिवणे हा या दोन्ही ठिकाणचा मुख्य विषय नाही. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील टेक्स्टाइल डिझाइनचा पाया चित्रकलेचा आहे : छपाईचे आणि विणीचे नमुने, रंगसंगती. खारघरच्या निफ्ट या फॅशन तंत्रज्ञान संस्थेत फॅशन डिझाइन आणि तयार कपड्यांचे उत्पादन या बाजूने शिकवले जाते.

तंतूची ओळख, कापडाची चाचणी, ड्राफ्टिंग (मापांवरून कपड्याचा आराखडा काढणे) आणि शिलाई हे सगळे एकाच पदवीत हवे असेल तर होम सायन्सकडे पाहा. जुहूचे एसएनडीटी विद्यापीठाचे सर विठ्ठलदास ठाकरसी कॉलेज आणि न्यू मरीन लाइन्सचे निर्मला निकेतन ही त्यातली जुनी नावे. ‘होम सायन्स’ हे नाव ऐकून अनेक पालक नाक मुरडतात आणि त्यात मुलींचे नुकसान होते, असे आम्हाला ठामपणे वाटते. प्रवेशाच्या अटी बदलत राहतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिकाच प्रमाण माना. कॉलेज पाहायला जाल तेव्हा दोन गोष्टी विचारा : आठवड्याला शिलाईच्या प्रात्यक्षिकाचे तास किती, आणि एका मशीनमागे विद्यार्थिनी किती.

प्रश्न : बाही जोडली की खांद्यावर चुण्या पडतात. उसवून तीनदा लावली तरी तेच. – द्वितीय वर्ष, डोंबिवली

उत्तर : उसवायच्या आधी टेप घ्या. मुंढा (अंगाच्या भागावर बाही जिथे जोडतात ते वळण) आणि बाहीची कॅप (बाहीचा वरचा गोलाकार भाग) ही दोन्ही वळणे कापडाच्या कडेवर न मोजता शिलाईच्या रेषेवर मोजा. त्यासाठी टेप आडवा न ठेवता त्याच्या कडेवर उभा धरून वळणावरून फिरवायचा. साध्या सुती ब्लाउजला किंवा कुर्त्याला कॅप मुंढ्यापेक्षा १ ते १½ इंच जास्त असली तर चालते. मुंढा १६ असेल तर कॅप १७ ते १७½. दंडाच्या गोलाईला ही जास्तीची लांबी लागते. ती दोन इंचांच्या वर गेली तर हात कितीही कसलेला असला तरी चुण्या येणारच. अशा वेळी दोष शिलाईचा नसतो, ड्राफ्टचा असतो. कॅपची उंची पाव इंच कमी करून पाहा. एकूण वळण साधारण पाव इंचाहून थोडे अधिक घटते. पुन्हा मोजा.

माप बरोबर असेल तर कापड पाहा. सुती आणि लोकरी कापड वाफेने आणि बोटांनी आत दबते. पॉलिस्टर क्रेप किंवा घट्ट विणीचे पॉपलिन दबत नाही. पॉलिस्टरचा धागा कारखान्यातच उष्णतेने स्थिर केलेला असतो, इस्त्रीखाली तो आकसत नाही. त्याला अर्धा ते पाऊण इंचच जास्त ठेवा.

आता लावण्याची पद्धत. शिलाईसाठी अर्धा इंच दाब सोडला असेल तर कडेपासून पाव इंचावर आणि तीन अष्टमांश इंचावर अशा दोन लांब टाक्यांच्या शिलाया कॅपवरच्या जोडणीच्या पुढच्या खुणेपासून मागच्या खुणेपर्यंत घाला. टाका ४ मिलिमीटरचा. मुख्य शिलाईच्या रेषेला त्या लागू देऊ नका. बॉबिनचे, म्हणजे खालचे, धागे हलके ओढा. खांद्याच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना मिळून साधारण एक इंच जागा सपाट ठेवा, तिथे काहीही गोळा करू नका. कॅपच्या अगदी माथ्यावर कड बाण्याच्या, म्हणजे कापडाच्या आडव्या धाग्याच्या, दिशेने जाते आणि सरळ धाग्यावरचे कापड दबून घेत नाही. माथ्यावरून खाली उतरताना दोन्ही बाजूंना कड तिरकी होते, शिंप्यांच्या भाषेत क्रॉसमध्ये येते. जास्तीची लांबी तिथे मुरते. चुण्या बहुतेक वेळा माथ्यावर दिसतात, त्याचे कारण हेच : सगळ्यांनाच जास्तीचे कापड माथ्यावर कोंबायची सवय असते.

शिवताना बाही खाली, दात्यांच्या बाजूला ठेवा आणि मुंढा वर. दाते खालचा थर थोडा जास्त सरकवतात, त्यामुळे मोठा थर आपसूक आत घेतला जातो. उलट ठेवलेत तर मशीन तुमच्याविरुद्ध काम करते. झाल्यावर दाब बाहीकडे वळवा आणि इस्त्री फक्त दाबावर फिरवा. कॅपवर इस्त्री दाबली की केलेली गोलाई चपटी होते.

प्रश्न : ड्राफ्ट बरोबर, शिलाई बरोबर, तरी कुर्ता धुतल्यावर एका बाजूला फिरतो. सर म्हणतात ‘ग्रेन चुकला’. नेमके काय करायचे? – प्रथम वर्ष, लालबाग

उत्तर : तुमच्या सरांनी योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. ग्रेन म्हणजे कापडातल्या धाग्यांची दिशा. कापड गिरणीतून येताना ताणलेले असते आणि बऱ्याचदा बाणा ताण्याशी, म्हणजे उभ्या धाग्याशी, काटकोनात नसतो. गुंडाळीवर ते सरळ दिसते, धुतल्यावर धागे आपल्या जागी परततात आणि कपडा फिरतो.

म्हणून कापण्याआधी सुती कापड पाण्यात रात्रभर भिजवा, न पिळता वाळवा. नवीन सुती कापड पाच टक्के आटणे काही विशेष नाही. ४० इंच लांबीच्या कुर्त्याला ते दोन इंच होतात. मग एका टोकाला काठाजवळ छेद देऊन बाण्याचा एक धागा ओढा आणि त्या रेषेवर कापा. कापड टेबलावर पसरून ही कड टेबलाच्या कडेशी लावा. काठ टेबलाच्या दुसऱ्या कडेला समांतर आला नाही, तर आखूड पडणारे कर्णाचे दोन कोपरे दोघींनी धरून ओढा आणि कापड किंचित ओलसर असतानाच इस्त्री करा. पॅटर्नवरच्या ग्रेनच्या बाणाची दोन्ही टोके काठापासून टेपने मोजा, अंतर सारखे हवे. नजरेवर सोडू नका. पाव इंचाचा फरकही लांब कुर्त्यात दिसतो.

पॉलिस्टर मिश्रणाचे कापड मात्र उष्णतेने स्थिर झालेले असल्यामुळे ओढून सरळ होत नाही. विकत घेतानाच दुकानात उलगडून पाहा. चौकडा किंवा आडवी रेघ काठाशी तिरकी जात असेल तर घेऊ नका. सरावाला मांजरपाट (जाडेभरडे कोरे सुती कापड) वापरा, मंगलदास मार्केटमध्ये मिळतो. पन्हा विचारून घ्या, कारण ३६ आणि ४४ इंची पन्ह्यात तोच पॅटर्न वेगळ्या लांबीत बसतो.

प्रश्न : कॉलेजचे पॉवर मशीन हाताबाहेर पळते आणि कापडाखाली धाग्याचा गुंता होतो. घरासाठीही तेच घ्यावे का? – प्रथम वर्ष, विरार

उत्तर : खाली गुंता झाला की सगळ्या जणी बॉबिन उघडतात. पण खालच्या बाजूला फासे पडणे हा बहुधा वरच्या धाग्याचा दोष असतो. मशीनचा कापड दाबणारा पाय खाली असताना धागा ओवला तर ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि धागा त्यांच्यात बसतच नाही. पाय वर उचला, धागा पूर्ण काढा, पहिल्यापासून ओवा. तरीही फासे राहिले तर चकत्यांमधला कचरा काढा, मग ताणाचा स्क्रू थोडा आवळा. बॉबिन केस धाग्याला लटकवून हलका झटका द्या. ती किंचित खाली सरकून थांबली तर ताण ठीक आहे. सरसर खाली आली तर सैल, हललीच नाही तर घट्ट.

सुई तपासा. या मशीनला गोल दांड्याची डीबी × १ सुई लागते, घरच्या मशीनची एका बाजूने चपटी सुई त्यात चालत नाही. लांब खाच डावीकडे ठेवून सुई पूर्ण वर ढकला. ती फिरलेली असली की टाके सुटतात. मलमल, जॉर्जेटला ९ किंवा ११ नंबर, साध्या सुतीला १४, डेनिमला १६ किंवा १८. होजियरीला बॉल पॉइंट सुई, नाहीतर धागा तुटून भोके पडतात.

वेगाचे म्हणाल तर क्लच मोटरचे मशीन पायाच्या जराशा दाबाने सुटते. सर्व्हो मोटरवर वेगाची मर्यादा लावता येते, शिक्षकांना सांगून ती कमी ठेवा. धागा न ओवता वहीच्या कागदावर रेघा, मग चौकोन, मग चक्राकार वळणे शिवा. चौकोनाच्या कोपऱ्यावर सुई आत ठेवून थांबता आले की कापड हातात घ्या.

घरासाठी घेऊ नका. त्याचे टेबल सुमारे चार फूट रुंद असते आणि चाळीत किंवा वन रूम किचनमध्ये ते जागाही खाते, आवाजही करते. लोखंडी बॉडीचे साधे सरळ टाक्याचे घरगुती मशीन पहिल्या दोन वर्षांना पुरते.

प्रश्न : जाळून पाहिल्यावर कॉटन आणि व्हिस्कोस सारखेच जळतात. प्रॅक्टिकलला ओळखायचे कसे? – द्वितीय वर्ष, चेंबूर

उत्तर : दोन्ही सेल्युलोजच, म्हणून दोन्ही कागदासारखी जळतात आणि मऊ राख सोडतात. ज्योत इथे निकाल देऊ शकत नाही. धागा काढा, मधोमध पाण्याचा थेंब लावा आणि दोन्ही टोके धरून ओढा. व्हिस्कोस ओले झाले की त्याची ताकद खूप घटते, साधारण निम्म्यावर येते, म्हणून ते ओल्या जागीच तुटते. कॉटन ओले असताना उलट जास्त मजबूत असते, ते कोरड्या भागात तुटते. सूक्ष्मदर्शकाखाली कॉटन पिळलेल्या फितीसारखे दिसते, व्हिस्कोसवर लांबीच्या दिशेने रेघा दिसतात. मर्सराइज केलेल्या (कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेल्या) कॉटनचा पीळ बराचसा गेलेला असतो, तिथे फसू नका. ताणा आणि बाणा नेहमी वेगवेगळे तपासा; कित्येक कापडांत ते दोन वेगळ्या तंतूंचे असतात.

प्रश्न : त्याच कापडाचा जीएसएम (एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन) मार्चमध्ये एक आणि जुलैमध्ये दुसरा आला. बाईंनी जर्नल परत दिले. – तृतीय वर्ष, परळ

उत्तर : तुमचा काटा बिघडलेला नसावा. प्रमाणित हवेत, म्हणजे ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला, कॉटन आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे आठ टक्के पाणी धरते, पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहून कमी. मुंबईच्या जुलैतल्या हवेत कॉटन त्याहून जास्त पाणी घेते आणि वजन वाढते. म्हणून नमुना प्रमाणित हवेत २४ तास ठेवून मगच तोलतात. भारतीय प्रमाणात उष्ण हवेसाठी तापमान २७ अंश धरतात, आंतरराष्ट्रीय प्रमाणात २०.

आणखी एक बारीक गोष्ट आहे, जी जर्नलमध्ये क्वचितच कोणी लिहिते. ओल्या बाजूने, म्हणजे वाळत वाळत, ६५ टक्क्यांच्या हवेशी जुळलेले कॉटन कोरड्या बाजूने जुळलेल्या कॉटनपेक्षा थोडे जास्त पाणी धरून बसते. म्हणून पावसाळ्यात नमुना आधी ५० अंशांच्या आत हलका सुकवून घ्यावा आणि नंतर प्रमाणित हवेत ठेवावा. नमुने काठापासून पन्ह्याचा दहावा भाग सोडून, तिरक्या ओळीत पाच ठिकाणांहून कापा, म्हणजे तेच धागे पुन्हा पुन्हा येणार नाहीत. जीएसएम कटरने कापलेली कापडाची चकती १०० चौरस सेंटिमीटरची असते. ती १.५२ ग्रॅम भरली तर जीएसएम १५२. खोलीत आर्द्रता राखण्याची सोय नसेल तर त्या दिवशीचे तापमान आणि आर्द्रता आकड्याशेजारी लिहा. मार्च आणि जुलैचे दोन्ही आकडे अशा नोंदीसह पुन्हा दाखवा.